गादी ओली झाली आहे

आटपाट नगर नव्हतं, आटपाट खुराडं होतं. एका घराच्या परसात, न्हाणीच्या मागे, चिऱ्याच्या भिंतीला टेकून ते उभं होतं. बाजूंना जाळी, वर कौलं आणि पुढे एक दार. आत कोंबड्यांचं राज्य होतं आणि राजाचं नाव होतं तुरेराव.

तुरेराव दिसायला राजाच होता. छाती पुढे, शेपूट वर आणि डोक्यावर लालभडक तुरा. हाच राजा का, असं कोणी विचारलं की तुऱ्याकडे चोच करण्यात येई. शिवाय तो रीतसर निवडून आलेला होता. निवडणुकीची पद्धत सोपी होती. उमेदवाराने आरवायचं आणि मतदारांनी त्याच्यासमोरून चालत जायचं. जिची मान हलेल तिचं मत होकाराचं. आता कोंबडी चालायला लागली की तिची मान हलतेच, ती कोणाला विचारून हलत नाही. त्यामुळे तुरेराव दर वेळी एकमताने निवडून यायचा आणि दर वेळी त्याला गहिवरून यायचं.

मुक्कामाला सगळे दांड्यांवर बसत. सर्वांत वरच्या दांडीवर राजा आणि मंत्री, मधल्या दांडीवर मान्यवर, खालच्या दांडीवर प्रजा आणि अगदी जमिनीवर पिल्लं. वरच्यांचं खालच्यांवर पडायचं. याला तिथे प्रशासन म्हणत.

आता गादीविषयी सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. कोंबड्या पाळणाऱ्या कोणालाही विचारा, खुराड्यात जमिनीवर भाताचं तूस अंथरतात त्याला गादी म्हणतात. गादी कोरडी असली, रोज खालीवर झाली, की कोंबड्या धड राहतात. ती ओली राहिली की तिच्यात रोग धरतो, चोचीवाटे पिल्लांच्या आतड्यांत जातो आणि पिल्लं रक्त हगायला लागतात. यात गुपित काही नाही. त्या खुराड्यातल्या प्रत्येक कोंबडीला हे माहीत होतं. माहीत असणं हा तिथे गुन्हा नव्हता, फक्त बोलणं हा होता. आणि त्याच खुराड्यात तुरेराव दिवसा ज्या घडी घातलेल्या पोत्यावर बसायचा, त्यालाही सगळे गादीच म्हणायचे.

खरं तर खालची गादी बिघडायचं काही कारण नव्हतं. कोंबडीची जात उकरणारी. दिवसभर ती पायांनी उकरत राहिली की तूस आपोआप उलटतं आणि वाळतं. पण तुरेरावाने वरच्या गादीवर बसताच पहिला हुकूम काढला तो उकरण्याविरुद्ध. ‘राज्याचा पाया कोणीही उकरू नये.’ तेव्हापासून प्रजा पाय वर उचलून अलगद टाकत चालू लागली. राज्यात शिस्त आली, असं मधल्या दांडीवरचे मान्यवर म्हणू लागले.

त्यात भर पडली ती बदोबाची. बदोबा हे एक गुबगुबीत बदक होतं. सगळ्या राज्यात पोहता येणारं ते एकटंच, म्हणून जलमंत्री. रोज सकाळी पाण्याची थाळी भरली की बदोबा तिचं उद्घाटन करायचा. उद्घाटन म्हणजे थाळीत बसायचा. बसून पंख झाडायचा, शेपूट हलवायचा आणि अर्धं पाणी तुसावर सांडलं की बाहेर येऊन जाहीर करायचा, “पाणी आता तळागाळापर्यंत पोहोचलं आहे.” ते खरोखरच पोहोचलेलं असायचं.

तूस भिजलं, कुजलं, त्याच्या लाद्या झाल्या. असा उग्र वास सुटला की प्रजेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पाहून तुरेराव म्हणाला, “किती जीव लावतात हो मला,” आणि त्याने ते पाणी वाया जाऊ नये म्हणून एक योजना जाहीर केली. ती योजना पुढे काय झाली ते कोणाला माहीत नाही.

याच खुराड्यात कवडी नावाची कोंबडी राहायची. पांढरी, अंगभर तपकिरी ठिपके असलेली. ती खुडूक बसली होती आणि तिने घोळकाभर पिल्लं काढली होती. पिल्लांना दांडीवर चढता येत नाही, ती ओल्यातच. बघता बघता एकेक पिल्लू पिसं फुलवून, पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं राहू लागलं. खाणं सुटायचं, मागे लाल डाग दिसायचे आणि मग पिल्लू आडवं व्हायचं. कवडीचा सगळा घोळका असा गेला. उरलं एकच, ठिपक्या. आणि एके सकाळी ठिपक्याही पिसं फुलवून उभा राहिला.

दरबाराने दखल घेतली नव्हती असं नाही. राजवैद्य टर्कीशास्त्री यांनी जमिनीवरच्या लाल डागांची पाहणी केली होती. वरच्या दांडीवरूनच केली, पण केली. शास्त्रीबुवांच्या गळ्याखाली कातडीची एक लांब झोळी लोंबायची. बोलताना ती हलायची, त्यामुळे ते काहीही बोलले तरी अभ्यासपूर्वक बोलल्यासारखं वाटायचं.

“शास्त्रीबुवा, रक्त आहे म्हणतात,” तुरेराव म्हणाला.

“रक्त म्हणणं घाईचं होईल महाराज. आपला तुरा कोणत्या रंगाचा?”

“लाल.”

“आणि प्रजेच्या पोटातून काय बाहेर पडतंय?”

“लाल,” तुरेराव म्हणाला, आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

“राजनिष्ठा, महाराज. थेट आतड्यांतून.”

दुसऱ्याच दिवशी निष्ठातपासणी सुरू झाली. शिपाई कोंबडे सकाळी फिरून प्रत्येकीच्या मागे वाकून बघू लागले. जिचं लाल ती निष्ठावंत, जिचं पांढरं-करडं ती संशयित. धडधाकट कोंबड्यांची पंचाईत झाली. त्या जाळीतून चोची बाहेर काढून परसातल्या लाल माठाच्या पाल्यावर तुटून पडू लागल्या. ज्यांना माठ मिळाला नाही त्या आजारी कोंबड्यांच्या कोपऱ्यात जाऊन तिथलं तूस टोचू लागल्या, आणि त्यांची निष्ठा मात्र अगदी अस्सल निघाली. त्यातल्या काही मेल्या. त्यांना निष्ठाभूषण देण्यात आलं.

कवडीला भूषण नको होतं. तिला ठिपक्या हवा होता. तिने त्याला पंखाखाली घेतलं आणि ती भर दरबारात जाऊन उभी राहिली.

“म्हाराज, गादी वली झालीया,” ती म्हणाली. “गादी बदलाय पायजे.”

तुरेराव आपल्या पोत्यावर जरा सावरून बसला.

“काय म्हणालीस?”

“गादी बदला म्हनलं. लई दिस झालं, सडलीया ती. तिच्यापायी माजी पोरं गेली. ह्यो येकटा ऱ्हायलाय.”

“आणि बदलणं जमणार नसेल तर?” शास्त्रीबुवांनी झोळी हलवत विचारलं. ते तिला बोलतं करत होते.

“मग निदान उलटीपालटी तरी करा. वरचा थर काढून उकिरड्यावर टाका.”

वरच्या दांडीवरून कोणीतरी धापकन खाली पडलं. वरचा थर म्हणजे आपणच, हे मंत्रिमंडळाच्या लगेच लक्षात आलं होतं.

“आन् वरनं थोडा चुना मारा,” कवडी म्हणाली. “चुन्यानं रोग मरतो.”

आता मात्र बदोबा उठला. “महाराज, हा हद्दीबाहेरचा उद्दामपणा आहे. या राज्यात चुना लावण्याचा अधिकार फक्त मंत्रिमंडळाला आहे.”

“आन् बदोबास्नी त्या थाळीतनं भायेर काढा. पानी उंचावर टांगा, कोंबडीच्या पाठीयेवढ्या. आजाऱ्यास्नी येगळं ठेवा. येवढंच म्हननं हाय माजं.”

एवढंच म्हणणं तिचं होतं, पण आरोपपत्रात ते बरंच वाढलं. गादी उलथवण्याचा कट, वरिष्ठांना उकिरड्यावर टाकण्याची चिथावणी, जलमंत्र्यांना मंत्रिपदावरून काढण्याचा डाव, आणि महाराजांच्या गादीला ओली म्हणून महाराजांच्या चारित्र्याविषयी शंका. शेवटचं कलम ऐकून तुरेरावाने चोरून आपलं पोतं चाचपलं. ते कोरडं होतं. म्हणजे ही बाई धडधडीत खोटं बोलते, याबद्दल त्याची खात्री झाली.

कवडीला आणि ठिपक्याला तुरुंगात टाकण्यात आलं. तुरुंग म्हणजे दाराबाहेर उन्हात उपडं ठेवलेलं बांबूचं डालं. खाली कडक माती, वरून ऊन, चारी बाजूंनी वारा. शिपायांनी दोघांना आत ढकललं आणि डाल्याला टेकू दिलेला दगड लाथेने उडवून लावला.

राज्यात कोंबड्या मरतात ही बातमी अखेर बाहेर गेली. घरची मालकीण पाहायला येणार असं कळलं. मालकीण म्हणजे जी दाणे टाकते आणि अंडी नेते ती बाई. तिच्याविषयी दरबाराचं धोरण असं होतं की ती आपल्यावर अवलंबून आहे. तरीही ती यायच्या आधी अंडी घालायच्या टोपल्यांतलं कोरडं तूस काढून दारासमोर पसरण्यात आलं. मालकीण दारातून वाकली, तिच्या पायाशी कोरडं तूस लागलं. “गादी तर बरी दिसतीय,” ती म्हणाली. पण डाल्याखाली पिसं फुलवून बसलेलं पिल्लू तिने पाहिलं आणि काय ते ओळखलं. तिने घरातून औषध आणून पाण्याच्या थाळीत कालवलं. थोडं औषधाचं पाणी एका करवंटीत घालून तिने डाल्याखाली सरकवलं आणि ती निघून गेली.

थाळीतल्या औषधाचं अर्थातच आधी उद्घाटन झालं. बदोबा त्यात नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला, कारण प्रसंग मोठा होता. “औषध तळागाळापर्यंत पोहोचलं आहे,” असं त्याने सांगितलं. उरलेलं मान्यवर प्यायले. ज्यांना काही झालं नव्हतं त्यांना आणखी काही झालं नाही, यावरून शास्त्रीबुवांनी औषध पूर्ण गुणकारी असल्याचा निर्वाळा दिला. कोपऱ्यातल्या आजारी कोंबड्या थाळीपर्यंत चालत येऊ शकल्या नाहीत. त्या योजनेबाबत उदासीन आहेत, अशी नोंद झाली.

तुरुंगात मात्र वेगळंच घडत होतं. माती कोरडी होती. करवंटीत कोणी बसत नव्हतं. वरून काही पडत नव्हतं, कारण वर कोणी नव्हतं. कवडी ठिपक्याच्या चोचीला करवंटीतलं पाणी लावायची, मातीत मनसोक्त उकरायची आणि त्याला उन्हात घेऊन बसायची. ठिपक्याने डोळे उघडले. मग एक मुंगी टिपली. मग पिसं अंगाला चापून बसली आणि एके दिवशी तो डाल्याच्या आतल्या आत आईच्या पाठीवर उडी मारून चढला. कवडीने त्याला खाली पाडलं, तो पुन्हा चढला. ती त्याला ओरडली नाही.

जाळीआडून हे सगळ्या प्रजेने पाहिलं. तुरुंगात पिल्लं जगतात, ही गोष्ट राज्यात पसरायला वेळ लागला नाही. तुरुंगात जायचं कसं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. आपापली मलूल पिल्लं पुढे करून कोंबड्या शिपायांना गाठू लागल्या.

“गादी बदला,” एक म्हणायची. “म्हनलं हां मी. आयकलं न्हवं? घाला आता आत.”

“जागा नाही,” शिपाई म्हणायचा. डालं एकच होतं.

“मग मोट्यानं म्हनू का?”

आणि ती मोठ्याने म्हणायची. शेजारची तिच्याहून मोठ्याने म्हणायची. दुपारपर्यंत सगळं खुराडं ‘गादी बदला, गादी बदला’ म्हणून दणाणून गेलं.

हा आवाज सेनापती झुंजाररावाने ऐकला. झुंजारराव हा तांबडा, लांब नख्यांचा कोंबडा. कालपर्यंत तो तुरेरावाच्या उजव्या बाजूला उभा राहून त्याच्या आधी मान हलवायचा. आता त्याने मान हलवणं थांबवलं आणि दाण्याच्या परातीशेजारी जाऊन उभा राहिला. तिथून त्याने सभा घेतली.

“उपस्थित अंडीदात्या भगिनींनो, आणि त्यांच्या वतीने आरवणाऱ्या बंधूंनो,” तो म्हणाला. “ही गादी सडलेली आहे.”

“व्हय, सडलीया,” कोंबड्या म्हणाल्या.

“या गादीला वास येतो.”

“लई येतो.”

“या गादीपायी तुमची पिल्लं गेली. ही गादी मी जागेवर ठेवणार नाही. उचलून उकिरड्यावर फेकणार.”

त्या दिवशी त्या राज्यात कोंबड्यांनी पहिल्यांदाच उभ्या उभ्या मान हलवली. काहींना रडू आलं, आणि ते वासामुळे नव्हतं. आपल्या मनातलं कोणीतरी आपल्याच शब्दांत बोलतंय, याहून जास्त बिचाऱ्यांनी कधी मागितलंच नव्हतं.

निवडणूक झाली. तुरेराव एका टोकाला उभा राहून आरवला, झुंजारराव परातीशेजारी उभा राहून आरवला. परातीत कण्या भरलेल्या होत्या. मतदार परातीकडे चालत गेले. बदोबा सर्वांच्या आधी तिथे पोहोचला होता. शास्त्रीबुवांनी निकाल वाचून दाखवला आणि झुंजाररावाचा तुरा आधीच्यापेक्षा अधिक लाल असल्याचं त्यांना आढळलं.

गादी त्याच दिवशी बदलण्यात आली. तुरेरावाचं जुनं पोतं उकिरड्यावर गेलं. त्याच्या जागी नवं कोरं पोतं आलं, त्यावर ‘उत्तम प्रतीचा तांदूळ’ असं ठसठशीत छापलेलं होतं. तुरेरावाला मधल्या दांडीवर मार्गदर्शक म्हणून बसवलं. जलमंत्री अनुभवी असावा म्हणून बदोबाच राहिला. उकरण्यावरची बंदी नवी गादी स्थिरस्थावर होईपर्यंत तात्पुरती कायम ठेवली.

मग सरकारला कवडीची आठवण झाली. तिला सोडवायला मिरवणूक गेली. ‘गादी बदला’ हे पहिल्यांदा म्हणणारी ती, तेव्हा तिचा मान मोठा. शिपायांनी डालं उचललं. कवडी ठिपक्याला पंखाखाली घेऊन मागे सरकली.

“कवडीताई, तुम्ही मुक्त झालात,” झुंजारराव म्हणाला.

“आमाला हितंच ऱ्हाऊ द्या,” कवडी म्हणाली.

लोक हसले. बाई साधी आहे, असं कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

“ताई, तुमचं म्हणणं मान्य झालं. गादी बदलली.”

“म्या खालची म्हनत व्हते.”

“खालच्यांसाठीच तर बदलली.”

“खालच्यांसाठी न्हवं, खालची. तूस वो, तूस. आत अजून वलंच हाय.”

झुंजाररावाने तिच्याकडे मायेने पाहिलं. तुरुंगात फार सोसलंय बिचारीने, असं तो बाजूच्या बदोबाला म्हणाला. मग तिला आणि ठिपक्याला वाजतगाजत आत नेलं. हे सरकार तुरुंग बंद करणारं पहिलंच असल्यामुळे डालंही आत नेलं आणि नव्या गादीवर छत्र म्हणून टांगलं. ठिपक्याला बाळवीर म्हणून सगळ्यांना दिसेल अशा जागी उभं केलं. ती जागा थाळीच्या शेजारी होती, जिथे सर्वांत जास्त ओल होती.

कवडीने कोपऱ्यात थोडी जागा उकरून वाळवायचा प्रयत्न केला. शिपाई आला. शिपाई तोच होता. “ताई, तुम्हीच पाया उकरायला लागलात तर लोकांनी काय आदर्श घ्यायचा?” तो म्हणाला. तो अदबीने म्हणाला, हा बदल मात्र खरा होता. तिने मालकिणीला दिसावं म्हणून ठिपक्याला दाराशी न्यायचं ठरवलं, तर दारासमोर मालकिणीसाठी पसरलेलं कोरडं तूस होतं, त्यावर पाऊल टाकायला परवानगी लागत होती. परवानगी बदोबा द्यायचा. बदोबा उद्घाटनात होता.

इथवर सांगताना मला हसू येत होतं, हे मी कबूल करतो. पुढचं सांगताना येत नाही. ठिपक्या बरा झालेला होता. उन्हात आईच्या पाठीवर चढत होता. त्याने पुन्हा पिसं फुलवली, पंख पाडले आणि त्या गर्दीत, त्या हारतुऱ्यांत, आईच्या पोटाखाली तो मरून गेला. कवडी बराच वेळ उठली नाही. उठायला सांगायची हिंमत शिपायालाही झाली नाही.

सरकारने मात्र फार चांगलं केलं. ठिपक्या गादीसाठी हुतात्मा झाला, असं झुंजाररावाने नव्या पोत्यावरून जाहीर केलं. शास्त्रीबुवांनी त्याच्यावर गौरवपर भाषण केलं. जिथे तो गेला ती जागा पवित्र ठरली आणि दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनी सगळ्या प्रजेने जमून त्या जागी चोचभर पाणी शिंपडायचं, असा ठराव झाला. पहिला मान कवडीला. पहिल्या वर्षी तिला पुढे आणलं, तेव्हा ती चोचीत पाणी न घेता उभी राहिली. “पानी नका टाकू,” एवढंच ती म्हणाली. ती भावनावश झाली आहे असं सांगून तिला बाजूला घेतलं आणि तिच्या वतीने बदोबाने पाणी शिंपडलं. त्याच्याकडे पाणी भरपूर होतं.

स्मृतिदिन अजूनही होतो. भाषणं होतात, पाणी शिंपडलं जातं, सगळे माना हलवत समोरून जातात. गर्दी मात्र वर्षागणिक कमी होत चालली आहे. प्रजेला पूर्वीसारखी कृतज्ञता राहिलेली नाही, असं सरकारचं म्हणणं आहे.